सामाजिक आशयाची कादंबरी-मालिका: स्वतंत्र प्रकरणे की सलग कथा?

सामाजिक प्रश्नावर लिहायचे आणि तेही मालिकेच्या रूपात लिहायचे, एवढे ठरल्यावर लेखकापुढे पहिला खरा निर्णय येतो तो रचनेचा. एकच नायक किंवा नायिका घेऊन प्रत्येक पुस्तकात नवे, त्याच पुस्तकात संपणारे प्रकरण मांडायचे, की एकच कथा तीन-चार खंडांत सलग पुढे न्यायची? विषय कोणता घ्यावा आणि संदेश किती उघड असावा याचा खल लेखक पुष्कळ करतात. रचना मात्र बहुधा एखाद्या आवडत्या मालिकेच्या प्रभावाखाली आपोआप ठरून जाते. मालिकेचा खप आणि तिच्या आशयाचा परिणाम या दोन्ही गोष्टी माझ्या मते या निवडीवर सर्वाधिक अवलंबून असतात.

तुलना हवेत राहू नये म्हणून एकच विषय दोन्ही साच्यांत घालून पाहू. समजा, कारखान्यांतील अपघात आणि कामगारांना नाकारली जाणारी नुकसानभरपाई हा आपला विषय आहे. पहिल्या साच्यात नायिका विमा कंपनीची तपासनीस असेल. प्रत्येक पुस्तकात तिच्याकडे एक नवा दावा येईल, ती घटनास्थळी जाईल, यंत्राचे सुरक्षा-कवच कोणी आणि कधी काढले याचा शोध घेईल आणि शेवटी तिला तिचा नेहमीचा अहवाल भरावा लागेल. त्या अहवालात ‘निष्काळजीपणा कोणाचा’ या रकान्यासमोर एकाच व्यक्तीचे नाव मावेल एवढी जागा आहे. पाळी सलग सोळा तासांची होती हे लिहायला रकानाच नाही. ती समासात बारीक अक्षरांत ते लिहिते आणि वरिष्ठ ते खोडतात. दुसऱ्या साच्यात नायक असेल तो हात गमावलेला कामगार किंवा त्याची मुलगी: पहिल्या खंडात अपघात, दुसऱ्यात दाव्याची लढाई आणि फुटत जाणारी एकजूट, तिसऱ्यात निकाल व त्याची किंमत.

दोन्हींतील फरक लगेच दिसतो. पहिल्या साच्यात प्रश्न पुनरावृत्तीतून उभा राहतो. एका अहवालातला तोकडा रकाना हा योगायोग वाटू शकतो, पण चौथ्या पुस्तकातही तोच रकाना समोर आला की लेखकाने एक शब्दही न बोलता वाचकाला व्यवस्था दिसू लागते. दुसऱ्या साच्यात प्रश्न परिणामांतून उभा राहतो, म्हणजे एका अन्यायाने एका घराचे दहा वर्षांत काय केले ते वाचक जवळून पाहतो.

प्रकरणांच्या मालिकेचे सर्वांत अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे माय शोवाल आणि पेर वालो या स्वीडिश लेखक-जोडीच्या, मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याभोवती फिरणाऱ्या दहा कादंबऱ्या. १९६५ ते १९७५ या काळात त्या प्रसिद्ध झाल्या, प्रत्येकीत तीस अध्याय आहेत, आणि दहाही पुस्तकांना मिळून त्यांनी ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे एकच उपशीर्षक दिले होते. कल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याची डाव्या दृष्टीतून चिकित्सा करणे हा त्यांचा उघड हेतू होता. सुरुवातीच्या पुस्तकांत मात्र त्यांनी तपासाची कंटाळवाणी, चिकाटीची, खरीखुरी वाटणारी कामे आधी रंगवली, वाचकाला माणसांची सवय लावली आणि टीकेची धार पुढे वाढवत नेली. हा क्रम व्यावसायिक दृष्ट्या शहाणपणाचा होता. शेवटच्या काही पुस्तकांत तोल थोडा भाषणाकडे झुकतो असे मला वाटते, पण तोवर वाचक त्या पात्रांशी इतका बांधला गेलेला असतो की तो ते सोसून घेतो. पहिल्याच पुस्तकात हे केले असते तर दुसऱ्याला वाचक मिळाला नसता.

या साच्याचा मोठा व्यावसायिक लाभ म्हणजे प्रवेशद्वारे अनेक असतात. वाचक सहाव्या पुस्तकापासून सुरुवात करू शकतो, आवडले तर मागे जातो, आणि त्यामुळे नवे पुस्तक आले की जुन्या पुस्तकांचाही खप हलतो. मालिका मध्येच थांबली तरी हातात असलेली पुस्तके अपुरी ठरत नाहीत. तोटे दोन आहेत. पात्र प्रत्येक वेळी जवळजवळ होते तेथेच परत यावे लागते, त्यामुळे खोल बदल दाखवणे कठीण जाते. अमेरिकन रहस्यकथाकार वॉल्टर मोस्ली यांनी यावर काळ पुढे सरकवण्याचा उपाय केला: त्यांचा कृष्णवर्णीय तपासनीस नायक ईझी रॉलिन्स १९४८च्या लॉस एंजेलिसमध्ये सुरू होतो आणि पुढील पुस्तकांत १९६०च्या दशकात शिरतो, त्यामुळे प्रकरणे सुटी राहूनही वर्णभेदाचा इतिहास सलग उलगडतो.

दुसरा तोटा अधिक गंभीर असून त्याची चर्चा फारशी होत नाही. रहस्यकथेचा प्राण अनिश्चितता असतो आणि सामाजिक भूमिका नेमकी तीच खाऊन टाकते. लेखकाची सहानुभूती कोठे आहे हे तिसऱ्या पुस्तकापर्यंत वाचकाला कळलेले असते. मग प्रत्येक वेळी गुन्हेगार कारखानदारच निघणार हे त्याला पहिल्या पन्नास पानांत समजते आणि उरलेली पाने तो उपकार म्हणून वाचतो. आपल्या तपासनीस नायिकेच्या मालिकेत एखादा दावा खरोखरच खोटा असला पाहिजे, एखादा मुकादम धूर्त नसून घाबरलेला असला पाहिजे, आणि एखाद्या पुस्तकात तिचा स्वतःचा अहवालच अन्यायाचे साधन ठरला पाहिजे. आशयाशी ही तडजोड नव्हे. व्यवस्था म्हणजे वाईट माणसांची टोळी नसते, एवढे तरी वाचकाला त्यातून पटते.

सलग कथेचे बळ वेगळे आहे. सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या त्रयीचे खंड २००८, २००९ आणि २०१० असे लागोपाठच्या वर्षांत आले, आणि प्रतीक्षेचा ताण वाचकांच्या मनात थंड होण्याआधी पुढचा खंड हाती पडला. हिंसेचे करमणुकीत रूपांतर हा तिचा विषय, पण तो सांगण्यासाठी कोणाला भाषण द्यावे लागत नाही, कारण मुलांनी एकमेकांना ठार मारायचे आणि सगळ्यांनी ते पडद्यावर पाहायचे, ही कथेतील स्पर्धा हीच ती टीका आहे. वाचक त्या स्पर्धेत रंगून जातो आणि मग आपणही प्रेक्षकांतच बसलो आहोत हे त्याच्या लक्षात येते. एन. के. जेमिसिन यांच्या ‘ब्रोकन अर्थ’ या त्रयीतही पृथ्वीला शांत ठेवू शकणाऱ्यांनाच समाज गुलाम करतो, अशी जगाची मांडणीच अत्याचाराचा अर्थ वाहते. तिच्या तिन्ही खंडांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे विज्ञानकथा व कल्पनारम्य साहित्याचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

पण येथे हिशेब कठोर असतो. पहिला खंड वाचणाऱ्यांपैकी काही जणच दुसरा घेतात आणि तिसरा त्याहून थोडे. दुसऱ्या खंडापासून वाचायला सुरुवात जवळजवळ कोणीच करत नाही. म्हणजे मालिकेचे सारे भवितव्य पहिल्या खंडावर अवलंबून असते. त्यातच संदेश बहुधा शेवटच्या खंडात पूर्ण होत असल्यामुळे, ज्यासाठी लेखकाने लिहायला घेतले ते सर्वांत कमी वाचकांपर्यंत पोचते. लेखन अपुरे राहण्याचा धोकाही आहेच: ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘पॅरेबल’ मालिकेतील दोन कादंबऱ्या १९९३ आणि १९९८ साली आल्या, नियोजित पुढची कादंबरी २००६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत पूर्ण झाली नाही. त्या दोन्ही कादंबऱ्या स्वतंत्रपणे उभ्या राहतात म्हणून आजही वाचल्या जातात. अर्ध्या वाक्यावर खंड तोडणाऱ्या लेखकाला ही सवलत मिळत नाही.

हप्त्याहप्त्याने प्रकाशन ही तिसरी वाट म्हणता येईल, पण ती रचनेपेक्षा वितरणाची पद्धत आहे. तिचा फायदा एवढाच की वाचकांचा कल चालू कथेतच कळतो. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘पिकविक पेपर्स’ची मासिक विक्री १८३६ मध्ये काही शे प्रतींवर होती, सॅम वेलर हे पात्र आल्यानंतर ती चढत जाऊन सुमारे ४०,००० वर गेली. दूरदर्शनवर १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘हम लोग’मध्ये कुटुंबनियोजनाचा उपदेश आरंभीच्या भागांत इतका ठळक होता की प्रेक्षक कंटाळले, तेरा भागांनंतर तो सौम्य करून कौटुंबिक गुंतागुंत वाढवली गेली आणि मालिका लोकप्रिय झाली. पूर्ण त्रयी छापून झाल्यावर अशी दुरुस्ती करता येत नाही.

‘हम लोग’ने आणखी एक गोष्ट दाखवली, जी दोन्ही साच्यांना लागू आहे. मुकाट सोसणारी भागवंती ही आई स्त्रियांच्या दुय्यम स्थानाचे चित्र म्हणून रेखाटली होती, पण अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेतील पूर्वग्रहदूषित आर्ची बंकरचेही तसेच झाले: १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की पूर्वग्रह बाळगणारे प्रेक्षक त्याच्या बाजूनेच हसत होते. मालिकेत पात्राशी सहवास दीर्घ असतो आणि सहवासाने माया जडते. मेक्सिकोचे मिगेल साबिदो यांनी १९७०च्या दशकात शैक्षणिक मालिका रचताना मूल्याच्या बाजूची, विरोधातली आणि मध्ये डळमळणारी अशी तीन प्रकारची पात्रे ठेवली, आणि परिणामाचा भार डळमळणाऱ्यांवर टाकला. कादंबरीकाराने हे तंत्र जरूर उचलावे. सलग कथेत असे पात्र खंडागणिक बदलताना दिसू शकते. प्रकरणांच्या मालिकेत मात्र ही जागा दर वेळी नव्या पाहुण्या पात्राला द्यावी लागते.

निवड करताना मी आधी प्रश्नाचे स्वरूप पाहीन. तोच अन्याय अनेक ठिकाणी, निरनिराळ्या चेहऱ्यांनी घडत असेल आणि कोणत्याही एका लढाईने संपण्यासारखा नसेल, तर प्रकरणांची मालिका त्याला अधिक प्रामाणिक ठरते; भ्रष्टाचार, अपघात, जमिनीचे व्यवहार, तपासयंत्रणांचा पक्षपात हे विषय या प्रकारचे. अन्यायाला एक उगम असेल, लढ्याला वळणे असतील आणि शेवटाला अर्थ असेल, तर सलग कथा घ्यावी. त्यानंतर स्वतःच्या वेगाचा विचार करावा: दुसरा खंड वर्ष-दीड वर्षात देता येणार नसेल, तर सलग कथेचा आग्रह धरू नये, किंवा पहिला खंड प्रकाशकाकडे देण्यापूर्वी निदान दुसऱ्याचा कच्चा खर्डा लिहून ठेवावा.

प्रकाशकाने फक्त एकाच पुस्तकाचा करार देऊ केला, आणि नव्या लेखकाच्या बाबतीत बहुधा हेच घडते, तर विमा तपासनीसाच्या मालिकेकडे मी झुकेन, पण तिच्या पार्श्वभूमीला एक संथ धागा सोडून: खोडल्या गेलेल्या त्या समासातल्या नोंदींच्या प्रती ती घरी जपून ठेवते आहे. पहिल्या पुस्तकाचा दावा त्याच पुस्तकात निकाली निघावा आणि त्या प्रतींचा उल्लेख दोन परिच्छेदांपेक्षा अधिक नसावा. दुसऱ्या पुस्तकाचा करार झाला, तर त्या प्रतींचे काय करायचे हे ठरवता येईल, आणि नाही झाला, तरी वाचकाच्या हाती पूर्ण झालेली कादंबरी असेल.