दहा हजारांत घर नवं दिसावं म्हणून: आधी रंग, की आधी पडदे आणि दिवे?

गणपती महिन्यावर आले की घराघरांत तोच विषय निघतो. या वर्षी रंग काढायचा का? हातात जेमतेम दहा हजार असतात, हॉल १० बाय १२ फुटांचा, आणि सल्ले देणारे शेजारी पुष्कळ. कोणी म्हणतं रंग काढा, कोणी म्हणतं एका भिंतीला वॉलपेपर लावा, कोणी नवा सोफा सुचवतं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही आधी भाड्याने राहिलो, मग घर घेतलं. इतक्या वर्षांत यातलं जवळजवळ सगळं करून झालं आहे. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या लहान खोलीत पहिला पैसा उजेडावर आणि कापडावर घालावा. भिंतीची पाळी नंतर.

रंगापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यांच्या मनात तोच असतो. १० बाय १२ च्या खोलीची उंची ९ फूट धरली तर चार भिंती मिळून ३९६ चौरस फूट होतात. दारं-खिडक्या वजा केल्या तरी साडेतीनशेच्या आसपास उरतात. रंगाचा डबा परवडतो. खर्च वाढतो तो खरवडणं, पुट्टी, घासणं, प्रायमर आणि दोन हात यांच्या मजुरीने. मजुरी वाचवायला खरवडण्याचं काम टाळलं तर जुन्या पोपड्यांवर बसलेला नवा रंग त्या पोपड्यांसकटच खाली येतो. डिस्टेंपर हा साधा रंग स्वस्त पडतो, पण ओल्या फडक्याने पुसला की फडक्यालाच लागतो. आपल्याकडे स्वयंपाकघर हॉलपासून चार पावलांवर असतं आणि फोडणीचा धूर बाहेर येतोच, म्हणून इमल्शन रंगाला थोडे जास्त पैसे द्यावेत, तो पुसता येतो. आणि एक अडचण कोणी हिशेबात धरत नाही: एका खोलीच्या घरात रंग काढायचा तर सामान कुठे हलवायचं? आमचं कपाट आणि गाद्या चार दिवस शेजारच्या काकूंच्या गॅलरीत होत्या. तेवढं हक्काचं शेजारघर सगळ्यांना मिळत नाही.

वेळेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. गणपतीच्या आधी म्हणजे भर पावसाळ्यात. जूनपासून भिंती पाणी पीत असतात, आणि ओल्या भिंतीवर रंग चढवला की ती ओल बाहेर यायला वाट शोधते. मग फुगे, पोपडे, पांढरा खार. रंग काढायचाच असेल तर पाऊस गेल्यावर ऑक्टोबरचं कडक ऊन भिंतीला खाऊ द्या आणि मग दिवाळीआधी रंगाऱ्याला बोलवा. त्या दिवसांत रंगारी सहज मिळत नाहीत, तेव्हा बोलणी महिनाभर आधी करून ठेवावी लागतात. भिंत सुकली की नाही ते घरीच कळतं. हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. तेव्हा दहा हजार रंगात घालू नका. आधी गळती शोधा, मग ती वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून असो की बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून.

भिंत कोरडी असेल पण पैसे कमी असतील तर चारही भिंती करायचा हट्ट नको. दारातून आत आल्यावर समोर दिसते ती एकच भिंत, १० बाय ९ म्हणजे ९० चौरस फूट. एक लिटर इमल्शनमध्ये दोन हात होतात आणि घरातल्या दोघांनी मिळून रविवारी काम संपतं.

त्याच भिंतीला वॉलपेपर लावला तर? नेहमीचा रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो. १० फुटांच्या भिंतीला सहा पट्ट्या लागतात, एका रोलमधून तीन निघतात, म्हणजे साध्या डिझाइनला दोन रोल पुरतात. नक्षी जुळवायची असेल तर तिसरा लागू शकतो. काम दोन-तीन तासांत होतं, सामान फक्त पुढे ओढावं लागतं, आणि त्या संध्याकाळी खोली खरंच देखणी दिसते. पण आम्ही तो न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर लावला होता. जुलैत सांधे सुटले, ऑगस्टमध्ये कोपरा उचलून पाहिला तर मागे काळी बुरशी. कागद ओल झाकतो, त्यामुळे ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर हा धोका मी घेणार नाही. आतली, पूर्ण कोरडी भिंत असेल तरच वॉलपेपर.

आता उजेड. बहुतेक घरांत भिंतीच्या वरच्या कडेला एक पांढरीफटक ट्यूब असते आणि खोलीत सगळीकडे एकसारखा, सपाट उजेड पडतो. खोक्यावर ६५०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असतं तो हा पांढरा रंग. त्याच्या जोडीला २७०० ते ३००० केचे दोन पिवळसर एलईडी, एक कोपऱ्यात बसल्या उंचीवर आणि एक देव्हाऱ्याजवळ किंवा पुस्तकांच्या फळीखाली, एवढं लावून पाहा. ट्यूब काढायची नाही, अभ्यासाला आणि ओट्यावर पांढराच उजेड हवा. संध्याकाळी ट्यूब बंद करून हे दोन दिवे लावले की तीच जुनी भिंत मऊ दिसते, कोपऱ्यातला डाग नजरेआड जातो. ९ वॅटचा दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. आणि घर सोडताना दिवे पिशवीत घालून नेता येतात.

पडद्यांचं गणितही असंच फायद्याचं. ४ फूट रुंद खिडकीला चुण्या नीट पडायला दुप्पट कापड लागतं, म्हणजे ४८ इंची पन्ह्याचे (कापडाच्या रुंदीचे) दोन भाग. ५ फूट उंचीला दुमडीसकट ६ फूट धरा, चार मीटर कापडात खिडकी होते. रॉड चौकटीला चिकटून न लावता सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना थोडा बाहेर घेतला की खिडकी मोठी आणि छत उंच वाटतं. सुती कापड शिवायच्या आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा आखडतो. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर हवंच. आईची सुती पाचवारी असेल तर बाजारातही जायला नको. साडेपाच मीटरचे ६ फुटांचे तीन तुकडे होतात, दोन खिडकीला आणि तिसऱ्यात उशांचे अभ्रे. आमच्या हॉलमध्ये आईची जुनी इरकल लटकते आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याकडेच पाहतो.

फर्निचरमध्ये नव्या स्वस्त वस्तूपेक्षा जुनी चांगली वस्तू मला पटते. स्वस्त टेबलात पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी असते, मुंबईच्या दमट हवेत तिच्या कडा फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा चोरबाजारात सागवानी खुर्ची, जुना आरसा मिळतो. मात्र तिथे जुनं म्हणून ठेवलेलं सगळंच जुनं नसतं, म्हणून वस्तू उलटी करून खालचं लाकूड पाहा. सांध्यांत ढेकूण तपासा, जिन्याचं वळण मोजून जा, आणि टेम्पो-हमालीचे पैसे किमतीत धरूनच घासाघीस करा. चोरबाजारातली दुकानं शुक्रवारी बंद असतात. एकच वस्तू घ्यायची तर मी आरसा घेईन. खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर लावला की दिवसाचा उजेड खोलीत खोलवर पोचतो.

भाड्याच्या घरात राहत असाल तर भिंतीवर एक रुपयाही घालू नका. रंग मालकाचा राहतो, खिळ्यांची भोकं डिपॉझिटमधून वजा होतात. पडद्यांनाही ड्रिलऐवजी दोन भिंतींत अडकणारा स्प्रिंगचा रॉड घ्या. घर स्वतःचं आणि कोरडं असेल तर आत्ता दिवे आणि पडदे, दिवाळीआधी समोरची एक भिंत, एवढं दहा हजारांत बसतं. ओल असेल तर दिवे-पडद्यांवर दोन-तीन हजार आणि बाकीचे गळतीसाठी राखून ठेवा.

खरेदीला सीएसएमटीला उतरून चालत जा. क्रॉफर्ड मार्केटजवळच मंगलदास मार्केटात कापड आणि लोहार चाळीत दिवे, दोन्ही एका फेरीत होतात. रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळी निघा. खिडकीचं माप घरूनच कागदावर लिहून न्या. अंदाजाने घेतलेलं कापड मला एकदा वीतभर कमी पडलं होतं, आणि पुढच्या शनिवारी त्या गठ्ठ्यातलं सगळं कापड विकलं गेलं होतं.