पांघरुणाऐवजी स्लीपिंग बॅग : धाकट्याच्या हिवाळ्याचा अभिप्राय

थंडी पडू लागली की लहान मूल असलेल्या घरात रात्रीचा बराच वेळ पांघरूण सारखे करण्यात जातो. मूल झोपेत पाय झाडते, पांघरूण पायाशी गोळा होते आणि आई-वडिलांपैकी कोणीतरी अर्धवट झोपेत उठून ते पुन्हा छातीपर्यंत ओढते. यावरचा उपाय म्हणून मिळणारी अंगात घालायची स्लीपिंग बॅग आम्ही धाकट्या मुलासाठी घेतली आणि पूर्ण हिवाळा रोज वापरली. ही बॅग म्हणजे पायांकडून बंद असलेले, बिनबाह्यांचे लांब जाकीट असते. खांद्यांवर टिचबटणे, समोर गळ्यापासून खालपर्यंत चेन, आतून सुती अस्तर आणि दोन थरांच्या मध्ये पॉलिएस्टरचे भरण, अशी आमच्या बॅगेची रचना आहे. हात मोकळे राहतात आणि पायांना आत ऐसपैस जागा मिळते, त्यामुळे मुलाने कितीही कुशी बदलल्या तरी पांघरूण त्याच्याबरोबरच फिरते.

विकत घेताना रंग आणि चित्रे यांच्याआधी पाहायची गोष्ट म्हणजे लेबलावरचा ‘टॉग’ हा आकडा. कापड उष्णतेला किती अडवते याचे हे माप १९४० च्या दशकात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये रूढ झाले, आणि रजयांपासून बाळांच्या बॅगांपर्यंत ते आजही वापरले जाते. बॅग स्वतः ऊब निर्माण करत नाही, ती फक्त मुलाच्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे तोच आकडा एका खोलीत योग्य आणि दुसऱ्या खोलीत जाचक ठरू शकतो. बहुतेक उत्पादकांच्या तक्त्यांत साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसच्या खोलीसाठी ०.५ टॉग, २० ते २४ अंशांसाठी १ टॉग आणि १६ ते २० अंशांसाठी २.५ टॉग असा हिशेब असतो. आमची बॅग २.५ टॉगची आहे. बाळांच्या सुरक्षित झोपेसाठी काम करणारी ब्रिटनमधील ‘ललबाय ट्रस्ट’ ही संस्था बाळाच्या खोलीसाठी १६ ते २० अंश तापमान सुचवते, म्हणजे ही बॅग नेमकी तशाच खोलीसाठी आहे. रात्रभर हीटर चालू ठेवून खोली २३ अंशांवर ठेवणाऱ्या घरात ‘हिवाळा आहे’ एवढ्याच कारणासाठी २.५ टॉगची बॅग घेतली, तर मूल घामाघूम होऊन जागे होईल आणि दोष बॅगेला दिला जाईल. म्हणून बॅगेच्या आधी खोलीत एक साधा तापमापक टांगावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत कोणते कपडे घालायचे, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे. १९-२० अंशांना आम्ही पूर्ण बाह्यांचा सुती रात्रपोशाख पुरेसा मानला. पारा त्याखाली गेला की आत एक पातळ बंडी वाढवली, आणि जाड स्वेटर मात्र झोपताना कधीच घातला नाही. मुलाला थंडी वाजते की नाही हे हातापायांवरून ठरवू नये, कारण लहान मुलांचे हात-पाय एरवीही गारच लागतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावा. तेथे घामाचा ओलावा जाणवला तर एक कपडा कमी करावा. घरातली वडीलधारी माणसे मुलाची गार बोटे पाहून हळहळतात, तेव्हा हे शांतपणे आणि बऱ्याचदा सांगावे लागते. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घरात टोपडेही ठेवू नये, कारण बाळ अंगातली जास्तीची उष्णता बऱ्याच अंशी डोक्यावाटे बाहेर टाकते.

सुरक्षिततेच्या बाजूने पाहिले तर या वस्तूची उपयुक्तता पहिल्या वर्षात सर्वाधिक आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था तान्ह्या बाळाला पाठीवर, कडक आणि सपाट गादीवर झोपवावे आणि त्याच्या आसपास सुटी पांघरुणे, उशा किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असे सांगते. सुटे पांघरूण नाकातोंडावर येण्याचा धोका असतो, आणि अंगात घातलेल्या बॅगेत तो राहत नाही. अट एकच, की गळा आणि बाह्यांची भोके मुलाच्या मापाची असली पाहिजेत. गळा सैल असेल तर मूल आत घसरू शकते, म्हणून ‘पुढच्या वर्षीही होईल’ या विचाराने मोठे माप घेण्याची आपली सवय येथे सोडावी लागते. टोपी जोडलेली बॅग झोपेसाठी घेऊच नये. हल्ली मण्यांचे वजन भरलेल्या बॅगाही ‘गाढ झोपेसाठी’ म्हणून विकल्या जातात. याच संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात वजन भरलेली पांघरुणे आणि झोपेचे कपडे बाळांसाठी वापरू नयेत असे म्हटले आहे, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये. लेबलावर ‘ईएन १६७८१’ हे युरोपीय मानक दिसले तर ती बॅग खाटेत झोपणाऱ्या मुलांसाठीच्या सुरक्षा-निकषांना धरून बनवलेली आहे, असा अर्थ होतो.

आमच्या घरात मात्र या बॅगेने तापमानापलीकडचे एक काम केले, आणि अभिप्राय लिहावासा वाटण्याचे खरे कारण तेच आहे. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, मुले बाहेरून लवकर घरात येतात आणि जेवणापासून झोपेपर्यंतचा वेळ लांबतच जातो. याच वेळेत आमच्या काही घरगुती प्रथा आपोआप तयार झाल्या. छताचा दिवा बंद करून कोपऱ्यातला छोटा दिवा लावायचा, गादीवर सगळ्यांनी एकमेकांना चिकटून बसायचे आणि धाकट्याच्या हट्टाखातर तेच ते पुस्तक वाचायचे. थोरली शाळेत जाते, तिला त्या पुस्तकातले प्रत्येक वाक्य पाठ आहे आणि मी एखादे पान गाळले की ती लगेच पकडते. बॅगेची चेन लावण्याचे काम तिने स्वतःहून आपल्याकडे घेतले. काही दिवसांतच धाकटा बॅग दिसली की स्वतःच आडवा होऊ लागला, कारण त्याच्या लेखी चेन लागली म्हणजे गोष्ट सुरू होणार. झोपेआधीचा क्रम रोज एकसारखा ठेवला की मुले सहज झोपी जातात, असा सल्ला डॉक्टर देतात, पण तो पाळायला हातात धरता येईल अशी एखादी खूण लागते. आम्हाला ती या बॅगेत मिळाली, आणि एक रात्र पाहुण्यांकडे काढावी लागली तेव्हाही ती उपयोगी पडली.

तक्रारी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. आमच्या बॅगेची चेन वरून खाली उघडते, त्यामुळे रात्री डायपर बदलताना मुलाची छाती उघडी पडते आणि ते पूर्ण जागे होते. दोन्ही बाजूंनी उघडणारी चेन असलेली बॅग मिळत असेल तर तीच घ्यावी. चेन हनुवटीपाशी संपते तेथे कापडाची छोटी टोपण-पट्टी आहे की नाही, हेही बोटाने चाचपून पाहावे. दुसरी अडचण वाळण्याची. भरलेले कापड थंड, दमट हवेत लवकर वाळत नाही, आणि रात्री डायपर गळले तर दुसऱ्या रात्रीपर्यंत बॅग तयार होईलच असे नाही. एका बॅगेवर हिवाळा निभावणे कठीण आहे. दोन्ही २.५ टॉगच्या घेणे परवडत नसेल तर दुसरी १ टॉगची घेऊन आत एक जादा कपडा घालणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

चालायला लागलेल्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. धाकटा सकाळी खाटेत उभा राहून पोत्याच्या शर्यतीत उतरल्यासारख्या उड्या मारू लागला, तेव्हा थोरलीला हसू आवरेना, आम्हाला मात्र त्याच्या दातांची काळजी वाटली. या वयासाठी पाय बाहेर काढता येतील अशा बॅगा मिळतात आणि त्या निश्चितच बऱ्या. थोरलीसाठी आम्ही बॅगेचा विचारही केला नाही, कारण पांघरूण स्वतः ओढून घेता येणाऱ्या मुलाला तिची गरज नसते, शिवाय रजईचा तंबू करण्यातला आनंद तिला बॅगेत मिळाला नसता.

प्रवासाविषयी एक सूचना आवश्यक आहे. जाड बॅग घालून मुलाला कारसीटमध्ये बसवू नये. पट्टे घट्ट लागल्यासारखे वाटतात, पण अपघाताच्या धक्क्याने भरण दबते आणि पट्टे सैल पडतात. आधी साध्या कपड्यांवर पट्टे आवळावेत आणि पांघरूण वरून घालावे.

मापे साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत ७० सेंटिमीटर, दीड वर्षापर्यंत ९० आणि त्यापुढे ११० अशी असतात, मात्र वयापेक्षा मुलाची उंची, वजन आणि गळ्याचे माप पाहूनच निवड करावी. थंडी सुरू झाली की गेल्या वर्षीच्या लोकरी कपड्यांची पेटी उघडून कोणाला काय होते हे पाहण्याचा एक कार्यक्रम आमच्याकडे असतो, आणि बॅगही आता त्या पेटीत गेली आहे. ती पुढे कोणाला द्यायची झाली, किंवा कोणाची वापरलेली घ्यायची झाली, तर टिचबटणे ओढून पाहावीत, चेन अनेकदा वरखाली करावी, बगलेतली शिवण तपासावी आणि भरण एका जागी गोळा झालेले असेल तर ती बॅग घेऊ नये.