मोलस्काबेस: जीवाश्म शंखांना नाव लावताना मी उघडते ती साइट

समुद्री गोगलगायींचे बारके जीवाश्म गोळा करायचे असं कुणी म्हणालं, की मी आधी दोनच गोष्टी घ्यायला सांगते. एक म्हणजे दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, आणि दुसरी मोलस्काबेस, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांसारख्या मृदुकाय प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन नोंदवही. भिंगाला पैसे पडतात, मोलस्काबेस फुकट आहे. लॉगिन नाही, वर्गणी नाही. बेल्जियममधल्या ऑस्टेंडच्या फ्लँडर्स सागरी संस्थेच्या सर्व्हरवर ती चालते. समुद्री जीवांची जी मोठी जागतिक नोंदवही तिथे आहे, वर्म्स, तिचंच हे भावंड. फरक असा की इथे फक्त मृदुकाय प्राणी आहेत, पण समुद्रातले, गोड्या पाण्यातले आणि जमिनीवरचेही; आणि मला महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे जिवंत आणि जीवाश्म दोन्ही वर्गीकरणाच्या एकाच झाडावर.

आम्ही राहतो मिडलबर्गला, नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात. इथून कालोटचा किनारा सायकलच्या अंतरावर आहे. एका बाजूला बोर्सेलेचा अणुवीज प्रकल्प, दुसऱ्या बाजूला बंदर, आणि मधल्या वाळूच्या पट्ट्यावर पश्चिम शेल्ड नदीच्या मुखाने वर आणून टाकलेले शंखशिंपले. त्यातले बरेचसे प्लायोसीन काळातले, म्हणजे साधारण ५३ लाख ते २६ लाख वर्षांपूर्वीचे. अडचण एवढीच की गेल्या वर्षी मेलेल्या गोगलगायीचा शंखही त्याच ढिगात असतो. रंगावरून ठरवावं म्हटलं तर जीवाश्म सहसा राखाडी, निळसर किंवा गंजाच्या रंगाचे आणि चकाकी गेलेले असतात खरे. पण हवा न पोचणाऱ्या चिखलात गाडला गेलेला ताजा शंखही काळानिळा पडतो. त्यामुळे नुसत्या रंगावर मी कधीच निर्णय देत नाही.

मोलस्काबेस कुठे उपयोगी पडतं ते एका शंखावरून सांगते. नासारिडी कुळातला, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा, टोकदार, अंगावर उभ्या फासळ्या आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या रेघा, त्यामुळे जाळीसारखी नक्षी. तोंडाच्या तळाशी नळी बाहेर काढायची आखूड खाच, तिच्या मागे एक खोलगट पन्हळ, बाहेरच्या ओठाच्या आतल्या अंगाला बारीक दात. कालोटला हे भरपूर मिळतात. माझ्याकडच्या एका जुन्या डच पुस्तकात आजच्या जिवंत जातीचं नाव हिनिया रेटिक्युलाटा असं आहे. दुसऱ्या पुस्तकात नासारियस रेटिक्युलेटस. संग्रहालयाच्या जुन्या चिठ्ठीवर नासा रेटिक्युलाटा. नवख्या माणसाला वाटतं या तीन वेगळ्या जाती आहेत.

यातलं कुठलंही नाव मोलस्काबेसच्या शोधात टाका, तुम्ही एकाच पानावर पोचता: ट्रिटिया रेटिक्युलाटा (लिनीअस, १७५८). त्याखाली मूळ नाव, ब्युसिनम रेटिक्युलाटम, आणि मग जुन्या नावांची लांबलचक यादी. वर कुळापासून संघापर्यंतची पूर्ण उतरंड. जातीला पहिलं नाव देणाऱ्या लेखकाचं, म्हणजे इथे लिनीअसचं, नाव कंसात का, तर त्याने ही जाती वेगळ्या जीनसमध्ये (जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द) ठेवली होती आणि नंतर ती हलवली गेली. कंस नसेल तर समजायचं की लेखकाने दिलेला जीनस अजून तोच आहे. हा कंस पाळायची सवय मला या साइटमुळे लागली. आता माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर तो चुकत नाही.

हे ट्रिटिया आलं कुठून? २०१६ मध्ये गॅलिंडो आणि सहकाऱ्यांचा या कुळावरचा डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की युरोपच्या किनाऱ्यांवरची मंडळी नासारियसपेक्षा वेगळ्या फांदीवर बसतात. नासारियस हे नाव ज्या जातीला बांधलेलं आहे ती इंडो-पॅसिफिकमधली, म्हणजे हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातली, म्हणून नाव तिकडे राहिलं आणि युरोपातल्यांना १८२६ साली निसर्ग-अभ्यासक रिस्सोने दिलेलं जुनं नाव, ट्रिटिया, परत मिळालं. रत्नागिरीहून माझ्या आईने डब्यात भरून दिलेले छोटे शंख मी याच पानांशी ताडून पाहिले. आपल्या कोकणातले नासारियस स्टोलॅटस अजून नासारियसच आहेत. मला याचा खरंच आनंद झाला.

आता जीवाश्माकडे. कालोटच्या ढिगात रेटिक्युलाटाच्या जोडीला ट्रिटिया रेटिकोसा असते, आणि तिच्या नावापुढे खंजिराची खूण असते, म्हणजे नामशेष. ही जाती इंग्लंडच्या सफोकमधल्या क्रॅग नावाच्या शंखाळ वाळूच्या थरांतून जेम्स सॉवर्बीने नोंदवली. पण ती इतकी बदलती आहे, कुठे फासळ्या जाड आणि विरळ, कुठे दाट, कुठे शंख लांबट तर कुठे बुटका, की नंतर हार्मरसारख्या अभ्यासकांनी तिच्या प्रकारांनाच वेगवेगळी नावं देऊन ठेवली. अशा वेळी हे पान फार मोलाचं ठरतं: त्या नावांचा गुंता तिथे एका जागी उलगडायला लागतो, आणि प्रत्येक बदल कुणी, कधी केला याची नोंद पानाच्या तळाशी असते. संपादक हे स्वतः त्या त्या गटाचे अभ्यासक असतात. मत कुणाचं ते कळतं, म्हणून मी त्यावर भरवसा ठेवते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते: मोलस्काबेस तुमचा शंख ओळखून देत नाही. तसा त्याचा दावाही नाही. सगळ्या जीवाश्म जातींची छायाचित्रं तिथे नाहीत, आणि फासळ्या मोजून उत्तर देणारी चावी तर नाहीच. ओळख पटवायची ती भिंगाखाली. मी शंख गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढते, मऊ ब्रशने वाळू झाडते, आणि काळ्या कापडावर ठेवून आधी टोक बघते. टोकाचा पहिला भाग, ज्याला प्रोटोकाँच म्हणतात, तो पिल्लू अंड्यात आणि अळी अवस्थेत असताना बनलेला असतो. खसखशीच्या दाण्याएवढा, पण त्यातच पुष्कळ माहिती असते. बारीक वेढे अनेक असतील तर अळी पाण्यात तरंगत, खात बराच काळ राहिली; वेढे मोजके आणि टोक फुगीर असेल तर तिला तरंगायची फारशी गरज पडली नाही. फासळ्यांपेक्षा हे टोक जास्त विश्वासाचं, कारण फासळ्या एकाच जातीतही बदलतात. दुर्दैवाने लाटांनी घासलेल्या शंखांचं टोकच आधी जातं, म्हणून टोक शाबूत असलेला एक शंख मला दहा तुटक्यांपेक्षा प्यारा असतो.

आणखी एक मर्यादा विषयाचीच आहे. जिवंत जातींचा जीनस डीएनएवर ठरला, पण प्लायोसीनच्या शंखात डीएनए कुठून आणणार? रेटिकोसाला ट्रिटियात ठेवलंय ते शंखाच्या ठेवणीवरून, जिवंत नातेवाइकांकडे बघून. म्हणून जीवाश्माच्या बाबतीत पानावर ‘स्वीकृत’ लिहिलेलं असलं तरी ते आजच्या घडीचं सर्वांत चांगलं मत आहे एवढंच धरावं.

लेखकांची नावं वाचताना विशेष सांभाळा. जे. सॉवर्बी आणि जे. डी सी. सॉवर्बी हे बाप-लेक. वडिलांनी १८१२ मध्ये सुरू केलेलं जीवाश्म शंखांचं मोठं काम, ‘मिनरल काँकॉलॉजी’, ते १८२२ मध्ये गेल्यावर मुलाने पुढे नेलं. कॅप्टन ग्रँटने कच्छमधून आणलेले शंख १८४० मध्ये नोंदवले तेही मुलाने. म्हणजे पुण्या-मुंबईचा भूशास्त्राचा विद्यार्थी कच्छचा मायोसीन (प्लायोसीनच्या आधीच्या काळातला) शंख हातात घेतो तेव्हा गाठ याच घराण्याशी पडते. जुन्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘सॉव.’ एवढंच लिहिलेलं असतं. मोलस्काबेस दोघांना नीट वेगळं ठेवतं.

कच्छवर काम करणाऱ्यांनी मात्र फक्त इथे थांबू नये. व्हिएन्नाच्या हार्झहाउझर आणि सहकाऱ्यांचा २००९ चा निबंध आणि व्हरेडेनबर्गचे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जुने ग्रंथ शेजारी हवेतच. ऑलिगोसीन (मायोसीनच्या आधीचा काळ) ते मायोसीनच्या सुरुवातीच्या काळात कच्छच्या गोगलगायींचं नातं टेथिस या आता नाहीशा झालेल्या समुद्राच्या पश्चिम भागाकडून इंडो-पॅसिफिककडे कसं वळलं, हे त्या निबंधात आहे. ते नावांच्या यादीतून कळत नाही.

वापरायला सोपी आहे का? संगणकावर हो. मोबाइलवर उतरंडीची झाडं उलगडताना बोटांची कसरत होते. सगळं इंग्रजीत आहे. ‘टॅक्सन मॅच’ नावाची सोय मात्र आवर्जून वापरा: तुमच्या नावांची यादी फाइलमधून चढवायची, आणि प्रत्येकापुढे आजचं स्वीकृत नाव, लेखक, क्रमांक भरून परत मिळतो. स्पेलिंग थोडं चुकलेलं असलं तरी जवळची नावं सुचवली जातात. जुना संग्रह वारशाने मिळालेल्या माणसाला एवढ्याने महिन्यांचं काम वाचतं.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा कापला तो चित्रांसाठी. आणि चिठ्ठीवर नाव लिहाल तेव्हा त्याखाली ते पान पाहिल्याची तारीखही लिहा. प्रत्येक पानाच्या तळाशी संदर्भ कसा द्यायचा ते तयार लिहिलेलं असतं, तारखेसकट.