‘आजोबांचं नाव निघालं आहे, उरलेली रक्कम भरा’

व्हॉट्सअॅपवर असा निरोप आला तर तिथेच थांबा, पैसे भरू नका. डीएनए चाचणीतून कुणाचं नाव ‘निघत’ नाही. दोन माणसांच्या डीएनएचा किती भाग सारखा आहे, एवढंच चाचणी सांगते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ‘माझा नमुना कुणाच्या नमुन्याशी ताडून पाहणार?’ याचं सरळ उत्तर मिळालं नाही, की समोरचा काय विकतोय ते कळतं.

डीएनएवरून हरवलेले आजी-आजोबा शोधून देतो म्हणणाऱ्या या धंद्याचं गिऱ्हाईक कोण, तेही सांगायला हवं. आई बालकाश्रमात वाढली आणि तिच्या वडिलांचं नाव कुठल्याच कागदावर नाही, अशी घरं आपल्याकडे आहेत. विधवांची आणि फसवल्या गेलेल्या बायकांची बाळं वाचावीत म्हणून पंढरपूरला १८७५ साली बालकाश्रम निघाला. तिथे आणि पुढच्या अशा संस्थांत वाढलेल्यांचे वंशज आज महाराष्ट्रभर आहेत. १९७०-८०च्या दशकांत पुण्या-मुंबईच्या संस्थांतून स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंडला दत्तक गेलेली मुलं आता पन्नाशीला आली आहेत आणि त्यांची मुलं आपल्या आजीचा शोध घेऊ लागली आहेत. असा प्रश्न माणूस वर्षानुवर्षं मनात ठेवतो, घरात बोलत नाही. गुपचूप किट मागवतो, गुपचूप पैसे भरतो. त्यामुळे ‘थांब, आधी चौकशी कर’ म्हणणारं जवळ कुणी नसतं. ठगाला नेमकं हेच हवं असतं.

सगळ्यात जास्त पैसे ‘आजोबा-नातू डीएनए चाचणी’च्या नावाखाली जातात. घरी पाकीट येतं. त्यात कापसाच्या काड्या, कागदी लिफाफे आणि एक फॉर्म. फॉर्मवर एकाच माणसाचं नाव लिहायला जागा असेल तर ती नात्याची चाचणी नव्हेच, कारण नात्याला दोन टोकं लागतात. हे विचारलं की उत्तर येतं, ‘आजोबांची एखादी वस्तू पाठवा.’ मग कंगव्यातले केस, जुनी दाढीची पेटी, पत्राचा लिफाफा, अगदी अस्थीसुद्धा मागवल्या जातात, आणि प्रत्येक वस्तूचे वेगळे पैसे. यातलं किती चालतं ते नीट समजून घ्या. गळालेल्या केसाला मूळ नसतं, आणि नेहमीच्या लॅबला त्यातून मायटोकॉन्ड्रियल डीएनएच मिळतो. तो फक्त आईकडून मुलांना जातो, पुरुषाचा पुढे जातच नाही. म्हणजे आजोबांच्या अशा केसातून नातवाशी नातं सिद्ध होऊच शकत नाही. दहनाच्या उष्णतेत डीएनए तुटतो, त्यामुळे अस्थींमधून भरवशाचं काही हाती लागत नाही. लिफाफ्याचं तिकीट आजोबांनीच चिकटवलं होतं, पोस्टातल्या माणसाने नाही, हे कोण सांगणार? एकच वस्तू खरोखर उपयोगी पडू शकते आणि तिचा उल्लेख हे लोक कधी करत नाहीत: आजोबांची बायॉप्सी झाली असेल तर रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा काही वर्षं जपून ठेवलेला असतो. मात्र तो मिळवायला रीतसर अर्ज आणि वारसाची संमती लागते.

आता समजा आजोबा हयात आहेत आणि दोघांचेही नमुने गेले. तरी रिपोर्ट कसा वाचायचा ते ठाऊक हवं. आपल्याकडच्या बहुतेक नात्याच्या चाचण्या एसटीआर मार्करवर, म्हणजे डीएनएतला एखादा छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा येतो या मोजणीवर, चालतात. सोळा, वीस किंवा चोवीस ठिकाणी प्रत्येक माणसाचे दोन-दोन आकडे मोजले जातात. पिढी बदलताना क्वचित एखादा आकडा बदलतो, ते सोडलं तर वडील-मुलात दर ठिकाणी एक आकडा जुळलाच पाहिजे. म्हणून वडिलांची चाचणी ठाम उत्तर देते. आजोबा-नातवात तसं बंधन नाही. वडिलांनी दिलेला आकडा आजोबांचा असेल किंवा आजीचा, शक्यता निम्मी-निम्मी. उलट, अनोळखी माणसांतही बऱ्याच ठिकाणी एखादा आकडा योगायोगाने जुळतो, कारण प्रत्येक मार्करचे प्रकार मोजकेच असतात. त्यामुळे ‘२४ पैकी २२ मार्कर जुळले, म्हणून ९१.६ टक्के आजोबा’ असं लिहिलेला कागद ही शुद्ध फसवणूक आहे. टक्केवारी अशी भागाकार करून काढत नाहीत. खऱ्या रिपोर्टात मार्करचा पूर्ण तक्ता असतो (डी३एस१३५८, एफजीए अशी नावं आणि त्यांपुढे दोघांचे आकडे), तो आकडा लोकसंख्येत किती वेळा आढळतो याचा हिशोब असतो आणि शेवटी शक्यतेचं गुणोत्तर असतं, म्हणजे नातं नसण्यापेक्षा नातं असण्याची बाजू किती पट भक्कम आहे तो आकडा. एकाच आजोबांचा नमुना असेल तर ते गुणोत्तर पुष्कळदा अधांतरी राहतं, आणि प्रामाणिक लॅब तसं लिहून देते. आजी-आजोबा दोघांचेही नमुने घेतले तर चित्र पालटतं, कारण मग त्यांच्या चार आकड्यांपैकी एक नातवात दिसायलाच हवा. शिवाय नातवाच्या आईचा नमुना जोडला तर आईकडून आलेला आकडा बाजूला काढता येतो. हा सल्ला पैसे घेण्याआधी न देणारी लॅब सोडून द्या.

‘एनएबीएल मान्यताप्राप्त’ हा शिक्काही तपासा. एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक लॅबच्या मान्यतेची व्याप्ती लिहिलेली असते. रक्त-लघवी तपासणीची मान्यता असलेली लॅब डीएनए नातेचाचणीच्या जाहिरातीत तोच शिक्का वापरताना दिसते. आयएसओ ९००१ तर कामाच्या व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आहे. त्यावरून चाचणी बरोबर येते असं ठरत नाही.

दुसरी फसवणूक जास्त बेमालूम असते, कारण चाचणी खरी असते पण चुकीची विकली जाते. आईच्या वडिलांचा शोध चालू आहे आणि नातवाला वाय-डीएनए चाचणी (फक्त बापाकडून मुलाला जाणाऱ्या वाय गुणसूत्राची) विकली, हे उदाहरण घ्या. नातवाचा वाय त्याच्या वडिलांकडून आलेला असतो. आईच्या वडिलांचा वाय त्याच्यापर्यंत आलेलाच नाही, मग पैसे किती का मोजेना! या शोधात वाय उपयोगी पडेल तो सख्ख्या मामाचा, तोही आई आणि मामा एकाच बापाचे असतील तरच. वडिलांच्या वडिलांचा शोध असेल तर नातवाचा, काकांचा किंवा चुलतभावाचा वाय चालतो. वडिलांच्या आईसाठी नातीचा एक्स हे उत्तम साधन आहे, कारण वडिलांकडे एकच एक्स असतो. तो त्यांच्या आईकडून आलेला आणि मुलीला जवळजवळ जसाच्या तसा मिळालेला असतो. आईच्या आईसाठी मायटोकॉन्ड्रियल. हा एवढा हिशोब कागदावर मांडायला पाच मिनिटं लागतात. किट मागवण्याआधी तो मांडाच.

मूळ प्रांताचे टक्के आणि ‘हॅप्लोग्रुप’ (फार जुन्या एकाच पूर्वजापासून आलेल्यांचा गट) दाखवून जात, गोत्र, गाव सांगणारेही भेटतात. आर१ए हा वाय-गट भारतीय उपखंडापासून पूर्व युरोपापर्यंत कोट्यवधी पुरुषांत आहे. त्यावरून कुणाची जात काढणं म्हणजे आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पत्ता सांगणं.

नाव माहीत नसलेल्या आजोबांपर्यंत नेणारा खरा रस्ता ऑटोसोमल चाचणीचा, म्हणजे एक्स-वाय सोडून बाकीच्या गुणसूत्रांच्या चाचणीचा आहे. अॅन्सेस्ट्री, २३अँडमी, मायहेरिटेज, फॅमिलीट्रीडीएनए यांच्याकडे ती होते. लाखो ठिकाणी डीएनए वाचला जातो आणि त्याच कंपनीकडे चाचणी केलेल्या लोकांशी ताडला जातो. किती सारखेपणा आहे ते सेंटीमॉर्गनमध्ये, म्हणजे डीएनएच्या सारख्या तुकड्यांची लांबी मोजायच्या एककात, दिसतं. आजी-आजोबा किंवा आई-बापांपैकी एकच सामाईक असलेलं सावत्र भावंड सरासरी १,७५० सेंटीमॉर्गनच्या आसपास, सख्खं चुलत-मावस-आते-मामे भावंड ८६६, आजोबा एकच पण आजी वेगळी असलेलं असं भावंड साधारण ४५०, पणजोबा-पणजी सामाईक असलेलं दुसऱ्या पिढीचं चुलत भावंड २२९. हे सरासरी आकडे डीएनए-वंशशोधाचे अभ्यासक ब्लेन बेटिंगर यांच्या शेअर्ड सेंटीमॉर्गन प्रोजेक्टचे आहेत आणि त्यांचा पल्ला रुंद आहे. डीएनए पेंटर या संकेतस्थळावर आकडा टाकला की कोणकोणती नाती संभवतात ते फुकट दिसतं. त्यासाठी कुणी ‘विश्लेषण शुल्क’ मागितलं तर देऊ नका.

चाचणी कुणाची करायची यात सगळ्यात मोठी चूक होते. आई हयात असेल तर आधी आईची करा. अज्ञात आजोबांचा निम्मा डीएनए तिच्यात आहे, तुमच्यात साधारण पाव. वय झालेल्या माणसाला लाळेची नळी भरणं जड जातं. दोन मिलिलिटर लाळ लागते आणि फेस धरायचा नसतो. तोंड कोरडं पडत असेल तर गालाच्या आतून काडी फिरवायची, स्वॅबची किट घ्या. अर्धा तास आधी खाणं-पिणं, तंबाखू, सुपारी बंद. काडी बोटाने चाचपू नका. त्यानंतर आजीच्या माहेरचं कुणी, तिचा भाचा किंवा भाची, राजी असेल तर त्यांचीही चाचणी करा. त्यांच्याशी जुळणारे लोक बाजूला काढले की उरलेले बहुतेक आजोबांकडचे. त्यांचे वंशवृक्ष मांडत मागे गेलं की सामाईक जोडपं सापडतं, आणि तिथून वयाने-ठिकाणाने बसणारा माणूस शोधायचा.

हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून आपल्याकडची अडचण उघडपणे सांगतो. या कंपन्यांच्या यादीत युरोपीय वंशाचे लोक भरपूर आहेत, भारतात राहणारे फार थोडे. अज्ञात आजोबा ब्रिटिश सैनिक किंवा पोर्तुगीज वंशाचे असतील तर जवळचा मॅच मिळायची आशा जास्त. ते सातारा-सोलापूरकडचे असतील तर यादीत न्यू जर्सी, लंडनचे वीस-तीस सेंटीमॉर्गनचे लांबचे नातलगच दिसायचे, आणि ती यादी वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. त्यातच जातीतल्या जातीत लग्नं आणि मामेबहिणीशी लग्नाची रीत. एकच पूर्वज दोन-तीन बाजूंनी येतो, छोटे छोटे तुकडे साठतात आणि एकूण बेरीज फुगते. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजातही हेच होतं. अशा वेळी बेरजेपेक्षा सगळ्यात लांब तुकडा किती आहे ते बघा. ‘६० सेंटीमॉर्गन म्हणजे तुमच्या आजोबांचा पुतण्या’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड.

यादी रिकामी असली की ‘शोधक’ पुढे येतात. पद्धत ठरलेली. आधी थोडे पैसे घेतात, किट स्वतः मागवतात आणि खातं स्वतःच्या ईमेलवर उघडतात. म्हणजे तुमची मॅचची यादी तुम्हालाच दिसत नाही. दोन महिन्यांनी वरचा तो निरोप येतो. पैसे भरल्यावर नाव येतं ते एखाद्या मयत माणसाचं, गाव, साल आणि धूसर फोटोसकट. ते खोटं ठरवणारं कुणी उरलेलं नसतं असं त्यांना वाटतं. पण पडताळा घेता येतो. त्या माणसाच्या दुसऱ्या घरातला नातू किंवा नात सापडली तर तिची चाचणी करा. आजोबा एकच असतील तर काही शे सेंटीमॉर्गन जुळायलाच हवेत. काहीच जुळलं नाही तर तो माणूस तुमचा आजोबा नाही, विषय संपला. म्हणून खातं स्वतःच्या ईमेलवरच उघडा आणि कच्च्या डेटाची फाइल स्वतः उतरवून घ्या. उघडल्यावर लाखो ओळी दिसतात, प्रत्येक ओळीत मार्करचा क्रमांक, गुणसूत्र, स्थान आणि दोन अक्षरं. शोधकाने पीडीएफ पाठवून ‘हाच डेटा’ म्हटलं तर तो डेटा नव्हे.

दत्तक प्रकरणात आणखी एक गोष्ट. मूळ शोधासाठी दत्तक गेलेल्या व्यक्तीने ‘कारा’कडे (केंद्रीय दत्तक प्राधिकरण) किंवा संबंधित संस्थेकडे स्वतः अर्ज करायचा असतो. दत्तक नियमावलीने त्रयस्थाला असा शोध घ्यायला मनाई केली आहे आणि जन्मदात्यांची गोपनीयता राखायची अट घातली आहे. ‘संस्थेतल्या माणसाकडून फाइल काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे दिलेत तर पुढे तुमचाच अर्ज अडचणीत येईल. कुणाच्या चहाच्या कपावरून गुपचूप नमुना घेण्याचा सल्लाही मानू नका. ब्रिटनमध्ये २००४च्या ह्यूमन टिश्यू कायद्याने संमतीशिवाय डीएनए तपासणं गुन्हा आहे.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवा. लॅबविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, तेही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, कुरियरची चिठ्ठी, संभाषण आणि लिफाफ्यासकट रिपोर्ट असं सगळं जपा. रिपोर्टात मार्करचा तक्ता नाही, हाच मोठा पुरावा ठरतो.

आणि नमुना त्यांच्याकडेच पडून असतो, हे विसरू नका. तो नष्ट करा आणि डेटा पुसा, असं लेखी कळवा आणि लेखी उत्तर मागा. चांगल्या कंपन्यांच्या खात्यात डेटा पुसण्याची सोय असते. शोधकाने तुमची फाइल जेडमॅचवर (डीएनएच्या फाइली ताडून पाहणारं संकेतस्थळ) चढवली असेल तर तिचा किट क्रमांक मागून घ्या आणि ती काढायला लावा. तुमच्या डीएनएबरोबर त्या फाइलमध्ये तुमच्या आईच्या, मामांच्या आणि मुलांच्याही डीएनएचा काही भाग असतो.