एक्सपीवाल्या पीसीसाठी फुकट कंपायलर: डब्ल्यू६४डेव्हकिट वापरून बघितला

भोसरी एमआयडीसीत माझ्या मावसभावाचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे तपासणीच्या टेबलाशेजारी एक जुना डबडा पीसी, त्यावर विंडोज एक्सपी आणि त्याला सिरीयल केबलने जोडलेला वजनकाटा. काटा मस्त, पीसी पण मस्त, फक्त काट्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर रुसून बसलं आणि ज्यांनी दिलं होतं ते म्हणे नवीन पीसी घ्या, नवीन लायसन्स घ्या, जुन्याचा सपोर्ट बंद. आकडा ऐकून दादाने मला फोन लावला, "तू कॉम्प्युटरवाला ना रे, बघ की काहीतरी." आता कॉम्प्युटरवाला म्हणजे मी दिवसभर वेबसाइटी करतो, सी भाषेत शेवटचं लिहिलं ते कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. पण काम किरकोळ होतं, पोर्टवरून वजन वाचायचं आणि तारीख-वेळ लावून सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडते ती साधी फाइल) टाकायचं, बास. एक्सपी काढून टाक असं कुणी सांगायला येऊ नका, दादाला सांगून झालंय. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच त्याचा सपोर्ट थांबवलाय म्हणून त्या पीसीची नेटची वायर तेवढी मी काढून ठेवलीये.

गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी असते, त्यामुळे सगळे प्रयोग गुरुवारी.

पहिल्या गुरुवारी लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, आधीपासून होता, त्यानेच एक्सई (चालणारी प्रोग्राम फाइल) बनवून नेली. डबल क्लिक केलं तर "नॉट अ व्हॅलिड विन३२ ॲप्लिकेशन". अर्थात, ६४ बिटची एक्सई ३२ बिट एक्सपीवर नेली होती मी, वीस किलोमीटर गाडी चालवून. मग ३२ बिटची बनवली, दुसरा गुरुवार, आता एरर वेगळा, एपीआय-एमएस-विन-सीआरटी असल्या लांबलचक नावाची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही. इथे जरा डोकं लावावं लागलं. जीसीसी स्वतः १९८७ पासून आहे आणि फुकटच आहे, पण विंडोजवर त्याने बनवलेली एक्सई कुठल्या ना कुठल्या सी रनटाइमवर (सीची नेहमीची फंक्शनं पुरवणारी लायब्ररी) उभी असते. जुना रनटाइम म्हणजे एमएसव्हीसीआरटी, तो एक्सपीत असतोच. नवा म्हणजे यूसीआरटी, तो विंडोज १० मध्ये आयता येतो, एक्सपीत नसतो. आजकालच्या जीसीसीच्या बऱ्याच तयार आवृत्त्या यूसीआरटीवाल्या आहेत, विंडोजवर जीसीसीला जे लागतं त्या मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ ने तर २०२४ मध्ये डिफॉल्टच तो केला. चूक कुणाचीच नाही, जग पुढे गेलं आणि दादाचा पीसी तिथेच राहिला.

तर डब्ल्यू६४डेव्हकिट, म्हणजे विंडोजवर सी प्रोग्राम बनवायच्या साधनांचा फुकट संच. याची x८६ वाली (३२ बिट) आवृत्ती एक्सपीपर्यंत खाली उतरते आणि जुन्याच एमएसव्हीसीआरटीवर बांधते. इन्स्टॉलर नाही, रजिस्ट्रीत काही लिहीत नाही, लॅपटॉपवर फोल्डर मोकळं केलं आणि पेनड्राइव्हवर टाकून नेलं. त्यात जीसीसी, चुका शोधायला जीडीबी, बांधणीसाठी मेक, कोड लिहायला व्हिम आणि कमांड द्यायला बिझीबॉक्सचा शेल, सगळं एका जागी. महत्त्वाचं म्हणजे नुसती एक्सईच नाही, कंपायलर पण त्या एक्सपीवर चालतो, त्यामुळे तिसऱ्या गुरुवारी मी तिथेच स्टुलावर बसून दुरुस्त्या केल्या.

तरी एक एरर आलाच, गेटटिककाउंट६४ हे विंडोजच्या कर्नल३२ डीएलएलमध्ये सापडत नाही. ते फंक्शनच एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून आलंय आणि कोडमध्ये ते मीच वापरलेलं होतं, कंपायलरला काय बोलणार. यावर उपाय म्हणजे कोडच्या वर विन३२-विनएनटी (_WIN32_WINNT) ०x०५०१, म्हणजे एक्सपी, असं डिफाइन करून ठेवायचं, मग एक्सपीनंतरची फंक्शनं हेडरमधून (फंक्शनांची यादी असलेली फाइल) दिसेनाशीच होतात आणि चूक घरीच कळते, भोसरीत नाही. आणि निघण्यापूर्वी एक्सईवर ऑब्जडम्प मायनस पी ही आतलं दाखवणारी कमांड मारून बघायचं, कुठकुठल्या डीएलएल मागतेय ते सगळं दिसतं, आणि मेजर सबसिस्टिम व्हर्जन, म्हणजे किमान कुठली विंडोज हवी, ते पण. एक्सपी आतून ५.१ आहे, एक्सईवर ६ लिहिलेलं असेल तर तो तिला दारातूनच परत पाठवतो. ऑब्जडम्प किटमध्येच आहे. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर पेट्रोल वाचलं असतं.

अजून एक गंमत, घरी टेस्टिंगसाठी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून यूएसबी टू सिरीयल केबल आणली, विंडोजने तिला कॉम ११ हा पोर्ट नंबर दिला, आणि पोर्ट काही उघडेना. कॉम ९ च्या पुढचा पोर्ट उघडायचा तर नावाआधी दोन बॅकस्लॅश, टिंब आणि परत एक बॅकस्लॅश लागतो, सीमध्ये लिहिताना प्रत्येक बॅकस्लॅश डबल. अर्धी रात्र गेली यात. वर्कशॉपच्या पीसीवर कॉम १ होता, तिथे या भानगडीची गरजच नव्हती.

आता नावं ठेवायची जागा. जुना रनटाइम म्हणजे यूटीएफ-८ शी (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) वैर. तिथल्या ताईंनी डेस्कटॉपवर 'पहिली पाळी' नावाचं फोल्डर केलेलं, फाइल उघडणाऱ्या माझ्या साध्या एफओपन फंक्शनला त्यातली फाइल उघडताच येईना, नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. शेवटी वाइड कॅरेक्टरवालं डब्ल्यूएफओपन वापरलं तेव्हा चाललं. फोल्डरचं नाव इंग्रजीत करा म्हणून बघितलं होतं, ताई म्हणाल्या, "तुमचा प्रोग्राम बदला." बरोबरच आहे म्हणा. दुसरं म्हणजे काळी खिडकी आणि कमांड, बटण वगैरे काही नाही, ज्याला रन दाबायची सवय आहे तो बिचकेल. त्याने कोडब्लॉक्स हा बटणांवाला एडिटर घ्यावा आणि त्याला हा कंपायलर जोडावा.

मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी पण एकट्यादुकट्याला फुकट आहे आणि २०१७ वाल्यात एक्सपीचा टूलसेट (बांधणीची साधनं) वेगळा निवडता येतो, पण आकड्याची एक ओळ वाचायला कित्येक जीबी उतरवायचे म्हणजे चहासाठी गॅस एजन्सी काढण्यासारखं. गो भाषेचा विचार सोडा, १.१० नंतर एक्सपी नाही. पायथन ३.४ पर्यंतच. फ्री पास्कल मात्र जुन्या विंडोजला अजून धरून आहे असं ऐकून होतो, मला पास्कल येत नाही म्हणून तिकडे गेलो नाही.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा त्या 'पहिली पाळी'साठी कापला. महिना झाला, सीएसव्ही रोज भरतेय. दादाने पैसे विचारले, मी म्हटलं कंपायलर फुकट होता, तर म्हणतो मग तुझे कसले. आणि आता कोपऱ्यातल्या दुसऱ्या मशीनवरचं कापड काढून दाखवलंय, तिच्यावर चक्क डॉस आहे. तिथे हा किट चालणार नाही, त्यासाठी ओपन वॉटकॉम हा दुसरा फुकट कंपायलर उतरवून ठेवलाय, तो डॉसपासून विंडोजपर्यंत सगळ्यासाठी बांधतो, बघू येत्या गुरुवारी.