सेफारिया ॲप: ‘गणना’तले वाळवंटाचे पाराशे वाचायला कितपत उपयोगी?

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. तिच्या 54 पाराशांपैकी, म्हणजे आठवड्याला वाचायच्या भागांपैकी, दहा ‘गणना’च्या पुस्तकात आहेत: सीनायहून मवाबच्या मैदानापर्यंतची वाळवंटातली वाट. दर शब्बाथला (शनिवारी) नेमाने पाराशा वाचणाऱ्यांसाठी सेफारिया हे ज्यू ग्रंथांचं ॲप सोयीचं आहे. ॲप मोफत आहे, जाहिराती नाहीत, ग्रंथ उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतं.

खरी किंमत कळते ती वचनावर बोट ठेवल्यावर. राशी, रांबान, इब्न एझ्रा या मध्ययुगीन भाष्यकारांची भाष्यं, ओंकेलोसचं अरामी भाषांतर, सगळं शेजारी उघडतं. शेवटचा पाराशा ‘मासेई’ घ्या. अध्याय 33 म्हणजे 42 मुक्कामांची कोरडी यादी, बहुतेक जण ती चाळून सोडतात. 33:1 वर राशी उघडा, तो सरळ हिशेब मांडतो. रिथमापर्यंतचे 14 मुक्काम पहिल्याच वर्षातले, मोशेचा भाऊ अहरोन याच्या मृत्यूनंतरचे 8 चाळिसाव्या वर्षातले. उरले 20, तेही 38 वर्षांत. म्हणजे इस्राएल लोकांना शिक्षा वणवण करण्याची, पण आयुष्य गेलं बहुतांशी तळ ठोकून. राशी यात देवाची दया पाहतो. मग 9:22 परत वाचा: छावणीवरचा देवाचा ढग दोन दिवस थांबो, महिनाभर थांबो की त्याहून अधिक, तो उठेपर्यंत तंबू हलवायचा नाही. वाळवंटाची साधना चालण्यापेक्षा थांबण्यातच जास्त, हे या दोन जागा जोडल्याशिवाय लक्षात येत नाही.

एका बैठकीत एकच भाष्यकार घ्या. चार उघडले की मूळ वचन बाजूलाच राहतं. वापरकर्त्यांनी बनवलेल्या ‘शीट्स’चा (उतारे आणि टिपणांच्या संकलनांचा) दर्जा खालीवर आहे, सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका. ‘नासो’ 176 वचनांचा, सर्वांत लांब पाराशा. पाराशाच्या सात आलियांपैकी (पोटभागांपैकी) रोज एक वाचली तरच झेपतो. ‘मत्तोत’ आणि ‘मासेई’ जोडून येतात त्या वर्षी तर आठवड्यात 244 वचनं होतात.

मराठी वाचकाची मुख्य अडचण म्हणजे ॲपचे मेनू फक्त हिब्रू आणि इंग्रजीत आहेत. मराठी बायबल शेजारी ठेवलंत तर ‘कोरह’च्या आठवड्यात घोटाळा होणार, कारण मराठीतलं 16:36 हिब्रूत 17:1 आहे. तिथून सतराव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत हा फरक राहतो. मराठी 17:1 साठी हिब्रू 17:16 उघडा. अठराव्या अध्यायात आकडे पुन्हा जुळतात.

पाराशा कोणत्या वेळापत्रकाचा दिसतोय तेही सिनेगॉगच्या पंचांगाशी ताडून पाहा. इस्राएलमध्ये वल्हांडण सातच दिवसांचा असतो, म्हणून बाहेरचा आठवा दिवस शनिवारी आला की इस्राएल एक पाराशा पुढे जातं. 2022 मध्ये ‘मत्तोत-मासेई’पर्यंत असंच चाललं होतं. मुंबई-ठाण्यातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांनी इस्राएलमधल्या डिमोनातल्या नातेवाइकांशी फोनवर पाराशाची चर्चा करण्याआधी एवढं तपासलेलं बरं.