मोटरसायकल म्युझियम बघायला तासाभराचा वेळ काढून जाऊ नका, पुरत नाही

गेल्या रविवारी मित्राला घेऊन मोटरसायकल म्युझियमला जाऊन आलो. तासाभरात उरकू असं ठरवलं होतं, पण शिरल्या शिरल्या डेमलरची 1885 ची लाकडी गाडी दिसली आणि वीस मिनिटं तिथेच गेली. 264 सीसी, अर्धा हॉर्सपॉवर, आणि दोन्ही बाजूंना पोरांच्या सायकलला असतात तशी आधाराची छोटी चाकं! अर्थात ही प्रतिकृती, मूळ गाडी 1903 च्या आगीत जळाली. इंजिन पेटवायची गरम नळी बरोब्बर सीटखाली, त्यामुळे पहिल्याच फेरीत सीटने पेट घेतला होता म्हणतात. बसा आता आरामात.

तिच्या शेजारी 1894 ची हिल्डेब्रांड अँड वुल्फम्युलर. 1489 सीसी वाचून मी टरकलो, पण ताकद फक्त अडीच हॉर्सपॉवर. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेले दांडे, थेट मागच्या चाकाला, वाफेच्या रेल्वे इंजिनसारखे, क्लच नाहीच, म्हणजे ढकलत पळायचं आणि इंजिनने पकडलं की टुणकन उडी मारून बसायचं.

मला सगळ्यात आवडली ती मात्र कोपऱ्यातली एक 1920 च्या दशकातली, रिस्टोअर न केलेली. टाकीच्या दोन्ही बाजूंचा रंग गुडघे घासून उडालाय, खाली पत्रा दिसतो. टाकीवर एक छोटा दट्ट्या होता, मला वाटलं चोक असेल. तिथले एक वयस्कर काका होते, ते म्हणाले, "चोक नाही हो, ऑईलचा पंप आहे. चालवता चालवता अधूनमधून दाबायचा, विसरलात की इंजिन जाम." म्हणजे एक हात हँडलवर, एक गिअरच्या दांड्यावर, त्यात ऑईलची आठवण ठेवायची आणि रस्तापण बघायचा. आपण सेल्फ लागला नाही तर वैतागतो!

व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोपुढे गर्दी होती, आणि असणारच. 1948 ची, 998 सीसी, इंजिनसुद्धा काळं कुळकुळीत, आणि बशीएवढा स्पीडोमीटर थेट 150 मैलांपर्यंत. ती खरंच 125 मैलांपर्यंत, म्हणजे ताशी 200 किलोमीटर, पळायची.

1969 ची होंडा सीबी 750 बघून मित्र म्हणाला, "ही तर साधीच दिसते." अरे बाबा, साधी दिसते कारण चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, बटण स्टार्ट, हे सगळं हिच्यानंतर बाकीच्यांनी उचललं.

आता तक्रारी. माहितीच्या पाट्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, तेही नुसते सीसी आणि साल, कुणी चालवली, कशासाठी वापरली काही नाही. वरचे दिवे क्रोमवर असे चमकतात की फोटोत गाडीऐवजी मीच दिसतोय. बऱ्याच गाड्या इतक्या घासूनपुसून नव्या केल्यात की जुन्या वाटतच नाहीत, हे माझं वैयक्तिक दुखणं समजा. आणि आवाज कुठेच नाही, निदान एकदोन इंजिनांचं रेकॉर्डिंग तरी ऐकवा ना, मुक्या गाड्या बघून जीव तुटतो.

तरी पाचपैकी चार. गेलात तर त्या काकांना शोधा, सगळ्या पाट्यांपेक्षा त्यांना जास्त माहितीये. आमचा रेसिंगचा हॉल राहूनच गेला, दारात पोचलो आणि आतले दिवे बंद व्हायला लागले.